इंजिन बांधलं, नवं ऑइल सील घातलं, तरी गळतंच: जुन्या गाड्यांसाठी समस्या निवारण

लक्षण ठरलेलं असतं. इंजिन पूर्ण उतरवून बांधलेलं, सगळी पॅकिंग नवी, पुढचं आणि मागचं ऑइल सीलही नवं. गाडी थोडी चालते आणि बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या आवरणाच्या) तळाच्या भोकातून थेंब पडायला लागतो, नाहीतर पुढच्या पुलीभोवती ऑइलचा कडा दिसायला लागतो. मग गिअरबॉक्स परत खाली, परत नवं सील, आणि परत तोच थेंब. इथवर आल्यावर बहुतेक जण सील बनवणाऱ्याला शिव्या घालून दुसऱ्या कंपनीचं सील मागवतात.

सील खराब निघतच नाही असं नाही. पण लागोपाठ दोन नवी सीलं एकाच जागी गळली, तर दोष सीलच्या बाहेर शोधायचा. सील म्हणजे फिरत्या शाफ्टवर, इथे इंजिनाच्या क्रँकवर, हलकेच टेकलेली रबराची पातळ लिप. शाफ्ट तिच्या मधोमध फिरत नसेल, शाफ्टवर चर पडलेली असेल किंवा आतून हवा ढकलत असेल, तर कितीही महागाचं सील घाला, ते हरणारच. म्हणून तिसरं सील मागवण्याआधी पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघा.

गळती नेमकी कुठली

बेल हाऊसिंगमधून पडणारा प्रत्येक थेंब मागच्या मेन सीलचा नसतो. ऑइल वरून खाली उतरतं आणि गाडी पळताना वाऱ्याने पुढून मागे जातं. रॉकर कव्हरचं मागचं टोक, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाची ओ-रिंग, ऑइल प्रेशरचा सेंडर, यातलं काहीही पाझरलं तरी ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत बेल हाऊसिंगमध्येच जमा होतं. त्याहून फसवे म्हणजे फ्लायव्हीलच्या आड दडलेले प्लग. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला एक पातळ पत्र्याचा प्लग असतो, शेजारी ऑइल गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे, प्लग असतात. इंजिन बांधताना ब्लॉक धुण्यासाठी हे काढले जातात आणि परत बसवताना घाईत एखादा तिरका बसतो किंवा सीलंटशिवाय आवळला जातो. गॅलरीच्या प्लगमागे पंपाचा पूर्ण दाब असतो, त्यामुळे तिथली गळती सीलच्या गळतीपेक्षा जोरात असते.

आधी वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, इंजिन ऑइलला नसतो. दर्प आला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील बघा, इंजिनकडे वळूच नका. इंजिन ऑइलच असेल तर खालचा सगळा भाग डीग्रीजरने धुऊन पूर्ण कोरडा करा, त्यावर टाल्कम पावडर फुंकरा आणि इंजिन गरम होईपर्यंत जागेवर चालवा. पावडरवर ओली वाट उमटते, आणि त्या वाटेचं वरचं टोक म्हणजे गळतीचं मूळ. गाडी रस्त्यावर नेऊन आणलीत तर वारा सगळं पसरवतो आणि वाचता येत नाही, म्हणून पहिली तपासणी जागेवरच. ऑइलमध्ये घालायचा फ्लोरोसंट रंग आणि अल्ट्राव्हायोलेट दिवा मिळत असेल तर काम आणखी सोपं होतं.

गिअरबॉक्स उतरवावा लागलाच, तर लगेच फडकं मारू नका. फ्लायव्हीलची इंजिनकडची बाजू मध्यापासून बाहेरच्या दिशेने आरे उमटल्यासारखी ओली असेल तर ऑइल क्रँकजवळून, म्हणजे सील किंवा त्याच्या आसपासून येतंय. ब्लॉकची पाठ वरपासून ओली असेल आणि क्रँकभोवतीचा भाग त्यामानाने कोरडा असेल तर वरचं काहीतरी गळतंय. ऑइल फ्लायव्हीलच्या बोल्टांभोवती, क्लचच्या बाजूला दिसत असेल तर बोल्ट तपासा. काही इंजिनांत हे बोल्ट ज्या भोकांत बसतात ती आरपार क्रँककेसमध्ये उघडतात, आणि बोल्टाच्या आट्यांवर सीलंट लावला नसेल तर ऑइल आट्यांतूनच बाहेर येतं. नवं सील घालून ही गळती जन्मात थांबणार नाही.

काढलेलं सील फेकू नका

इथे थोडा जास्त वेळ घालवा, कारण पुढचं अर्धं निदान याच तुकड्यात असतं. सील काढताना त्याची वरची बाजू कुठली होती ते मार्करने लिहून ठेवा. पुसून घ्या, पण सॉल्व्हंटमध्ये बुडवू नका. मग भिंग घेऊन उजेडात लिपची कड बघा.

शाफ्ट जिथे घासतो तिथे लिपवर एक चकचकीत पट्टा उमटलेला असतो. तो सगळीकडे सारखा आणि अरुंद असेल तर सील सरळ आणि मध्यावर होतं, दोष दुसरीकडे शोधा. पट्टा एका बाजूला रुंद आणि बरोबर समोर केसासारखा बारीक, किंवा तिथे जवळपास नाहीच, असं दिसलं तर सीलचं घर, म्हणजे ते ज्या गोल भोकात बसतं ते, शाफ्टच्या मध्यावर नव्हतं. एका बाजूला लिप दाबली गेली, समोरच्या बाजूला जेमतेम टेकली आणि तिथून ऑइल गेलं. अशा वेळी शाफ्टवरची झीज मात्र पूर्ण गोल सारखी असते. याच्या उलट, लिपवरचा पट्टा सगळीकडे सारखाच पण नेहमीपेक्षा रुंद, आणि शाफ्टवरची झीज एकाच बाजूला, असं असेल तर शाफ्टच हेलकावे घेतोय. पुलीचा हब, म्हणजे क्रँकवर बसणारा तिचा मधला भाग, वाकडा असेल, क्रँक बाकलेला असेल नाहीतर मेन बेअरिंग सैल असेल. डायल गेज लावून हब फिरवून बघा. बेअरिंगचा क्लिअरन्स जास्त असेल तर दुहेरी नुकसान: शाफ्ट हलतो तो हलतोच, वर सीलपर्यंत येणारं ऑइलही वाढतं.

लिप कडक झालेली, चकाकणारी, बारीक तडे गेलेली असेल तर ती भाजली आहे. इथे वेगाचं गणित करून बघण्यासारखं आहे. मागच्या सीलच्या जागी क्रँकचा व्यास ८० मिलिमीटर असेल आणि इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर लिपखालून शाफ्टचा पृष्ठभाग सेकंदाला जवळपास २१ मीटर वेगाने सरकतो. साधं नायट्राइल रबर साधारण १२ ते १४ मीटरपर्यंतच सुखात असतं आणि १०० अंश सेल्सिअसच्या वर फार काळ टिकत नाही. फ्लोरोइलास्टोमर, ज्याला सगळे व्हायटॉन म्हणतात, ते २०० अंशांपर्यंत टिकतं आणि वेगही बराच जास्त सोसतं. मापं जुळली म्हणून बेअरिंगच्या दुकानातून उचललेलं नायट्राइलचं सील मागच्या क्रँकवर जळून जातं ते यामुळे. पुढच्या लहान व्यासावर तेच सील वर्षानुवर्षं चालतं.

लिपवर एकाच जागी आडवा काप दिसला तर तो बसवताना लागला आहे: पुलीची चावी बसते त्या खाचेची धार, क्रँकच्या टोकाची बुरी, किंवा स्क्रू ड्रायव्हर. लिपमागची गोल स्प्रिंग जागेवर नसेल तर ती हातोडीच्या दणक्याने उडाली, आणि हे फार वेळा होतं. लिप फुगून मऊ पडली असेल तर तिला चुकीचं रसायन लागलं आहे, बहुधा ब्रेक क्लीनर किंवा पेट्रोल.

शेवटी सीलची बाहेरची कड बघा. तिथे ऑइलची आडवी रेघ असेल तर लिप बिचारी निर्दोष आहे. ऑइल सील आणि घराच्या मधून गेलं. जुनं सील उचकटताना ड्रायव्हरने घराला ओरखडा पडलेला असतो, तोच हा रस्ता.

आतली हवा

सगळं सील नीट दिसलं आणि तरी गळत असेल तर क्रँककेसचा दाब मोजा. साधं लिप सील अर्ध्या बारपेक्षा जास्त दाबासाठी बनवलेलंच नसतं आणि वेग वाढला की ही मर्यादा आणखी खाली येते. निरोगी इंजिनात हा दाब इतका कमी असतो की तो पाण्याच्या इंचांत मोजतात. पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी घाला, एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट लावा, दुसरं उघडं ठेवा, इंजिन चालू करून रेस वाढवा. पाणी एकाच बाजूला इंचाइंचाने वर चढायला लागलं तर आतली हवा कोंडते आहे.

कारणं दोनच: हवा जास्त तयार होते किंवा बाहेर जात नाही. नव्या बांधलेल्या इंजिनात रिंगा बसेपर्यंत पिस्टनजवळून थोडा जास्त गॅस खाली उतरतो, ते पहिल्या काही शे किलोमीटरपर्यंत मान्य. ब्रीदर, म्हणजे ही हवा बाहेर जायची वाट, बंद असणं मात्र मान्य नाही, आणि नेमकं हेच विसरलं जातं. इंजिन चकाचक रंगवलेलं असतं आणि ब्रीदरच्या डब्यातली तारेची जाळी जुन्या काजळीने गच्च भरलेली असते. ती रॉकेलमध्ये भिजवून धुवा, पाइपातून फुंकून बघा. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी झडप) असेल तर हलवून खुळखुळतो का ते बघा. चकचकीत दिसतं म्हणून ब्रीदर नसलेली रॉकर कव्हरं आणि हवाबंद झाकण लावणाऱ्यांची गळती कधी थांबत नाही. काही जुन्या गाड्यांत ऑइल भरायच्या झाकणातूनच हवा आत यायची सोय असते, तिथे बंद झाकण लावलं की संपलं.

आणि हो, ऑइलची पातळी. चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) किंवा डिपस्टिक दुसऱ्या मॉडेलची लागली असेल तर खूण खोटं बोलते.

शाफ्टचा पृष्ठभाग

लिप जिथे टेकते तिथे नखाची कड आडवी फिरवा. नख अडकलं तर चर पडली आहे, आणि नवं सील त्याच चरीत बसवलं तर तीच गळती परत. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सील घरात एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून लिपला नवी जागा देणं. मात्र आत सरकवताना ऑइल परत जाण्याचं भोक सीलमागे झाकलं जात नाही ना, आणि बाहेर सरकवताना लिप शाफ्टच्या उतारावर येत नाही ना, हे आधी मोजून बघा. चर खोल असेल तर स्लीव्ह चढवा. एसकेएफच्या स्पीडी-स्लीव्हची भिंत फक्त ०.२८ मिलिमीटरची असते, त्यामुळे सीलचं माप बदलावं लागत नाही. पुढच्या पुलीच्या हबवर हा उपाय फारच छान बसतो. क्रँकच्या मागच्या टोकाला चर असेल आणि क्रँक बाहेर आहेच, तर वर्कशॉपमध्ये तो भाग भरून ग्राइंड करून घेतलेला बरा.

आता एक गोष्ट, जी क्रँक पॉलिश करणारे कारागीरही कधी कधी दुर्लक्षित करतात. शाफ्ट गुळगुळीत असणं पुरेसं नाही. त्यावरच्या रेघांना तिरकी दिशा नको. ग्राइंडिंगचा दगड किंवा पॉलिश पेपर फिरत्या शाफ्टवर डावीउजवीकडे सरकवला की पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे आटे तयार होतात. शाफ्ट फिरला की हे आटे ऑइल लिपखालून बाहेर पंप करतात. नवं सील, नवा क्रँक, चकाकणारा पृष्ठभाग, आणि तरी पहिल्या दिवसापासून गळती, असं असेल तर संशय इथेच घ्यायचा.

तपासायची पद्धत सोपी आहे. शाफ्ट आडवा धरून लेथवर लावा, अगदी समपातळीत. पृष्ठभागाला ऑइलचा पातळ हात द्या. एक शिवणाचा दोरा शाफ्टवरून टाकून त्याला खाली सुमारे ३० ग्रॅमचं वजन लटकवा आणि शाफ्ट सावकाश, मिनिटाला साठएक फेऱ्यांनी फिरवा. दोरा जागेवर राहिला तर उत्तम. तो हळूहळू एका बाजूला चालायला लागला आणि शाफ्ट उलटा फिरवल्यावर उलट बाजूला चालला, तर आटे आहेत. मग शाफ्ट फिरत असताना ४०० नंबरच्या आणि नंतर ६०० नंबरच्या पेपरची पट्टी ऑइल लावून सरळ दाबून धरायची, बाजूला अजिबात न सरकवता. आरशासारखी चकाकी आणू नका. लिपखाली ऑइलचा सूक्ष्म थर टिकायला पृष्ठभागाला थोडी खरखर लागतेच. रफनेस साधारण ०.२ ते ०.८ मायक्रॉन आरए (खरखरीचं सरासरी माप) यात असावा. त्याहून गुळगुळीत शाफ्टवर लिप कोरडी घासून जळते.

पुढचं सील: आधी पुली, मग बोल्ट

पुढचं सील टायमिंग कव्हरमध्ये बसतं आणि कव्हर ब्लॉकला बोल्टांनी लागतं. कव्हरला डॉवेल पिना (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) नसतील तर बोल्टांच्या भोकांत कव्हर इकडेतिकडे सरकायला भरपूर जागा असते. कव्हर आधी आवळलं आणि पुली नंतर ठोकली तर सील मध्यावर येणं हा निव्वळ योगायोग. भिंगाखाली एका बाजूला रुंद दिसणारा तो पट्टा बहुतेक वेळा इथेच तयार होतो.

म्हणून कव्हरचे बोल्ट हातानेच लावा, सैल ठेवा. हबला ऑइल लावून तो सीलमधून क्रँकवर पूर्ण बसवा, म्हणजे सीलची लिपच कव्हरला मध्यावर आणते. हब दोनचार वेळा फिरवा आणि मग बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळत जा. मूळ मॅन्युअलमध्ये यासाठी खास मध्य साधणारं टूल दिलेलं असतं. ते मिळालं तर चांगलंच, नाही मिळालं तर हब हेच टूल. पत्र्याचं कव्हर असेल तर आधी ते सपाट आरशावर ठेवून डुगडुगतं का बघा. मागच्या मालकाने बोल्ट इतके आवळलेले असतात की भोकांभोवती पत्रा आत गेलेला असतो. लाकडी ठोकळ्यावर ठेवून ती जागा परत सपाट ठोकून घ्या.

पुलीची चावी बसते ती खाचही विसरू नका. लिप उत्तम काम करत असते आणि ऑइल मात्र खाचेतून, हबच्या आतल्या बाजूने, बोल्टाच्या वॉशरखालून बाहेर येतं. चावी बसवताना खाचेत सिलिकॉनचा छोटासा ठिपका लावला की काम झालं.

मागचं सील: तुमच्या इंजिनात नक्की काय आहे

जुन्या इंजिनांत मागची सोय वेगवेगळी असते, आणि अर्धी भांडणं एका प्रकाराचा सल्ला दुसऱ्या प्रकाराला लावल्याने होतात.

काहींत सीलच नसतं. मॉरिस मायनर आणि ऑस्टिन-हीली स्प्राइटमधल्या ए-सिरीज इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला उलटे आटे कापलेले असतात; क्रँक फिरला की ते ऑइल परत आत ढकलतात. ट्रायम्फच्या टीआर मालिकेतल्या जुन्या चार सिलिंडर इंजिनातही असेच आटे आहेत, त्यांच्याभोवती ॲल्युमिनियमचे दोन अर्धे तुकडे येतात आणि ते मँड्रेल (मापाचा गोल दांडा) वापरून मध्यावर बसवावे लागतात. इथे काही टेकत नाही, सगळा खेळ क्लिअरन्सचा आणि क्रँककेसच्या दाबाचा. इंजिन बंद केल्यावर उतारावर एखादा थेंब पडणं या रचनेत स्वाभाविक आहे. ओघळ मात्र स्वाभाविक नाही. एमजीबीचं इंजिन १९६४ मध्ये तीन बेअरिंगांवरून पाच बेअरिंगांवर गेलं तेव्हा मागे लिप सील आलं. त्यामुळे एमजीबीसाठी भाग मागवताना आधी इंजिन नंबर वाचा, नाव पुरत नाही.

दुसरा प्रकार दोरीचा. ग्राफाइट लावलेली विणलेली दोरी ब्लॉकमध्ये अर्धी आणि कॅपमध्ये अर्धी बसते. जुनी दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते, म्हणून ती कोरडी खरवडू नका आणि हवेने फुंकू नका. ओली करून काढा, पिशवीत बांधा. नवी दोरी इंजिन ऑइलमध्ये भिजू द्या. मग आधी मधला भाग खाचेत दाबायचा, नंतर दोन्ही टोकं, आणि शाफ्टच्या मापाच्या गुळगुळीत गोल दांड्याने ती तळापर्यंत रेटून बसवायची. हातोडीच्या दांड्याने वरवर ठोकलेली दोरी पहिल्या उष्णतेत दबते आणि गळायला लागते. टोकं नव्या पात्याने कापा; किती वर ठेवायची ते मॅन्युअल सांगेल त्याप्रमाणे. एक धागा जरी कॅप आणि ब्लॉकच्या मध्ये चिमटला तरी कॅप पूर्ण बसत नाही. याच कारणासाठी मेन बेअरिंगचा क्लिअरन्स दोरी घालण्याआधी मोजायचा. दोरी असताना प्लॅस्टिगेज (क्लिअरन्स मोजायचा प्लॅस्टिकचा धागा) खोटं माप देतं. दोरी घातल्यावर क्रँक जड फिरतो, त्याने घाबरून जाऊ नका.

दोरीऐवजी रबराचं दोन तुकड्यांचं सील घालणार असाल तर दोन गोष्टी बघा. फोर्डच्या जुन्या व्ही-एट इंजिनांत मागच्या कॅपच्या खाचेत दोरी धरून ठेवणारी एक छोटी पिन असते. ती काढली नाही तर रबराला भोक पडतं. दुसरं म्हणजे दोरीसाठी बनवलेल्या क्रँकवर कधी कधी मुद्दाम तिरक्या रेघा पाडलेल्या असतात. दोरीला त्या मानवतात, रबराची लिप त्यांनी कानशीसारखी घासून जाते. अशा क्रँकवर दोरीच घाला.

दोन तुकड्यांचं रबरी सील शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकमध्ये १९८६ मध्ये एकसंध सील येईपर्यंत होतं, आणि त्यातली नेहमीची चूक डोळ्यांना दिसतही नाही. वरचा तुकडा ब्लॉकच्या खाचेत सरकवताना खाचेची धारदार कड सीलच्या पाठीवरून रबराची बारीक सळी सोलून काढते. ती सळी सील आणि खाचेच्या मध्ये अडकते, सील एका जागी उचललं जातं, आणि तिथून ऑइल जातं. सीलच्या पाकिटात एक पातळ प्लॅस्टिकची पट्टी येते ती याचसाठी: खाचेच्या कडेवर ती धरून सील तिच्यावरून सरकवायचं. पट्टी नसेल तर पातळ पितळी शिम चालते. सीलच्या दोन तुकड्यांचे सांधे कॅपच्या सांध्यावर येऊ देऊ नका. एका बाजूने सुमारे दहा मिलिमीटर वर सरकवा. सांध्यावर सीलंटचा ठिपका, आणि कॅपच्या मागच्या कोपऱ्यांच्या पृष्ठभागावर पातळ थर. लिपवर सीलंट नको, एक कणसुद्धा.

एकसंध सील क्रँकच्या टोकावरून चढवताना लिप उलटी दुमडली जाते. क्रँकच्या कडेवर तेलाचा दगड फिरवून धार मोडा. मग पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीची सपाट पट्टी कापून क्रँकच्या टोकाभोवती गुंडाळा, तिच्यावरून सील सरकवा आणि पट्टी ओढून काढा. फोक्सवॅगनच्या हवेने गार होणाऱ्या इंजिनात मागचं सील घालण्याआधी क्रँकचा एंड प्ले (पुढेमागे सरकण्याची मोकळीक) शिमांनी ०.०७ ते ०.१३ मिलिमीटरमध्ये आणून घ्या. नंतर लक्षात आलं तर तेच सील परत काढावं लागतं.

प्रत्यक्ष बसवताना

स्प्रिंग दिसते ती उघडी बाजू ऑइलकडे. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी जणांना माहीत असतं ते हे: काही सीलांच्या लिपवर हवेच्या बाजूला तिरक्या रेघा आणि बाण असतो. या रेघा निसटलेलं ऑइल परत आत ढकलतात, पण एकाच दिशेने फिरताना. क्रँकच्या पुढच्या टोकाकडून बघितलं तर फिरण्याची दिशा एक, मागच्या टोकाकडून बघितलं तर उलट. मापं तीच असली तरी पुढचं सील मागे घातलं तर ते इमानेइतबारे ऑइल बाहेर पंप करेल.

घर स्वच्छ करा, ओरखडे बारीक पेपरने मोडा. बाहेरून नुसता पत्रा असलेल्या सीलच्या कडेला न कडक होणाऱ्या सीलंटचा अगदी पातळ हात द्या. बाहेरून रबर असेल तर फक्त ऑइल. लिपला ऑइल लावा, आणि स्प्रिंगच्या खाचेत थोडं ग्रीस भरा, म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडत नाही. पण सील पीटीएफईचं असेल, म्हणजे स्प्रिंग नसलेली आतल्या बाजूला वळलेली पांढरी किंवा काळी रुंद लिप, तर नियम उलटा: लिप आणि शाफ्ट दोन्ही पूर्ण कोरडे, सोबत आलेली प्लॅस्टिकची बाही वापरून चढवा, आणि बसल्यावर लिप शाफ्टवर आवळली जायला काही तास द्या.

ठोकायला असं काहीतरी घ्या जे सीलच्या बाहेरच्या कडेवर पूर्ण गोल टेकेल: मोठं सॉकेट, जुनी बेअरिंगची रेस, लेथवर कापलेली चकती. हातोडीने चारी बाजूंनी एकेक टोला मारत गेलं की पत्रा वाकतो, आणि एकदा वाकलेलं सील परत सरळ होत नाही. बसल्यावर व्हर्नियरच्या शेपटीने घराच्या कडेपासून सीलपर्यंतचं अंतर चार ठिकाणी मोजा. चारही आकडे सारखे हवेत.

सील किती जुनं आहे तेही बघा. जुन्या गाडीवाल्यांना मूळ कंपनीच्या पाकिटातल्या भागांचं वेड असतं, पण रबर पाकिटातही म्हातारं होतं. साठवणुकीच्या आयएसओ २२३० मानकात नायट्राइलला आधी सात वर्षं आणि फ्लोरोइलास्टोमरला दहा वर्षं धरलेली आहेत, तेही थंड आणि अंधाऱ्या जागी. चाळीस वर्षांपूर्वीचं सील कपाटात ठेवा, इंजिनात नको. दुकानात खिळ्याला टांगून ठेवलेलं सीलही घेऊ नका. टांगलेल्या जागी लिप ओढली गेलेली असते.

पहिल्यांदा इंजिन चालू केल्यावर दोरीचं सील थोडं पाझरलं तर पहिले काही शे किलोमीटर वाट बघा, ती बसत जाते. लिप सीलच्या बाबतीत वाट बघण्यात अर्थ नाही. पहिल्या गरम फेरीनंतर तिथे ओलं दिसलं तर बसवताना हाताचं लागलेलं किंवा लिपला लावलेलं ऑइल असू शकतं, म्हणून एकदा पुसा आणि दुसरी फेरी मारा. परत ओलं दिसलं तर क्लच प्लेट ऑइलने भिजून सरकायला लागण्याआधी गिअरबॉक्स खाली घ्या, आणि सील उचकटण्याआधी वर सांगितल्याप्रमाणे त्याची वरची बाजू मार्करने लिहून ठेवा.